यात्रा फसते का?

पवित्र भूमीच्या यात्रेचे पैसे भरताना आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विमानाचे तिकीट, व्हिसा, हॉटेलातील खोली, बस आणि वाटाड्या, एवढे तर कागदावर लिहिलेलेच असते. पण त्याच कागदावर पुढे ‘तिसरा दिवस बेथलेहेम, चौथा दिवस येरुशलेम’ असेही छापलेले असते. ते वाचता वाचता मनाची अशी समजूत होऊन बसते, की प्रभूच्या जन्मस्थानाचे दर्शन आणि रिकाम्या कबरीपुढची प्रार्थना यांचीही पावती आपल्याला मिळालेली आहे. प्रत्यक्षात खोली मिळण्याची हमी कोणी देऊ शकेल. दर्शनाची हमी देणारा कोणी नाही.

आमच्या डहाणू-तलासरीकडील धर्मग्रामांतून अशा यात्रेला जाणारी माणसे फार नाहीत. जी जातात त्यांच्या मागे वर्षानुवर्षांची काटकसर असते. कोणी चिकूच्या वाडीचे पैसे बाजूला ठेवलेले असतात, कोणी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून वाटा काढलेला असतो, कोणाला मुलांनी मिळून लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट दिलेली असते. ‘आयुष्यात एकदा तरी’ हे शब्द अशा घरांतून पुष्कळदा ऐकू येतात. म्हणूनच एवढ्या दूर जाऊन मंदिराचे दार बंद असल्याचे कळते, तेव्हा होणारे दुःख हसण्यावारी नेण्यासारखे नसते. सहलीला गेलेल्या माणसाचा एक दिवस वाया जातो; या माणसांना मात्र आयुष्यातील एक गोष्ट हुकल्यासारखी वाटते. तेव्हा प्रश्न असा पडतो: दार बंद निघाले तर यात्रा फसली असे म्हणावे काय? आणि तसे म्हणण्याचा अधिकार यात्रेकरूला आहे काय?

दारे बंद होतात, ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. येरुशलेममधील पवित्र कबरीचे मंदिर 25 फेब्रुवारी 2018 रोजी तेथील ख्रिस्ती धर्मप्रमुखांनीच बंद केले. चर्चच्या मालमत्तेवर कर बसविण्याच्या नगरपालिकेच्या हालचालींचा आणि चर्चच्या जमिनींविषयीच्या एका प्रस्तावित कायद्याचा तो निषेध होता. तीन दिवस जगभरातून आलेले भाविक बंद दारापुढे गुडघे टेकून परतले. पुढे 2020 च्या मार्च महिन्यात महामारीमुळे आधी बेथलेहेमचे जन्ममंदिर आणि मग हे मंदिरही बंद झाले. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण ज्या जागी पुनरुत्थान घडले तेथेच लोकांवाचून साजरा झाला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, आग लागली आणि 2024 च्या डिसेंबरपर्यंत ते दार उघडले नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण रोमचे आहे. 2025 हे ज्युबिली वर्ष. कार्लो अक्युटिस या किशोरवयीन मुलाला 27 एप्रिल रोजी संत म्हणून घोषित करण्याचे ठरले होते आणि त्यासाठी अनेकांनी, विशेषतः तरुणांनी, आधीपासून तिकिटे काढली होती. 21 एप्रिलला, ईस्टरनंतरच्या सोमवारी, पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. सोहळा पुढे ढकलला गेला. जे संतपदाच्या उत्सवाला निघाले होते त्यांच्यापैकी कित्येकजण 26 तारखेला एका अंत्यविधीला उभे राहिले. मायकेल अँजेलोची चित्रे पाहू इच्छिणाऱ्यांना सिस्टिन चॅपेल बंद मिळाले, कारण तेथे नव्या पोपची निवड व्हायची होती. कार्लोला संतपद मिळाले ते 7 सप्टेंबरला. तेव्हा पूर्वीचे बहुतेक यात्रेकरू आपापल्या घरी परतून आपल्या कामाला लागले होते.

या सर्व प्रसंगांना आपण ‘दार बंद’ असे एकच नाव देतो. पण थोडा विचार केला तर ही दारे एकाच कारणाने बंद झालेली नाहीत असे दिसते, आणि त्या प्रत्येकापुढे आपले कर्तव्यही एकच नसते.

पहिल्या प्रकारचे दार योगायोगाने बंद होते. आग लागते, रोग पसरतो, कोणी मरण पावते. येथे दोष कोणाचाच नसतो. अशा वेळी यात्रेकरूचे सांत्वन करणारे लोक घाईघाईने म्हणतात, ‘देवाचीच तशी इच्छा होती.’ हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही, परंतु ते फार स्वस्तात वापरले जाते असे मात्र आम्हांस वाटते. दहा वर्षे पैसे साठवून गेलेल्या आणि पुन्हा कधीही न जाऊ शकणाऱ्या वृद्ध आईला हे वाक्य दुसऱ्याने ऐकवू नये. ते तिचे तिलाच उमगले तर ती कृपा; आपण ऐकविले तर ती केवळ आपली सुटका. तिच्याजवळ बसून तिच्याबरोबर खंत करावी, हेच अधिक ख्रिस्ती वर्तन होय. लाजरसाला आपण उठविणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याच्या कबरीजवळ आधी अश्रूच ढाळले होते.

तरीही 26 एप्रिलच्या त्या अंत्यविधीला उभ्या राहिलेल्यांचे काय? ते एका मुलाच्या गौरवासाठी आले होते आणि त्यांना एका म्हाताऱ्या मेंढपाळाला निरोप द्यावा लागला. त्यांना मागितले ते मिळाले नाही. पण ख्रिस्तसभेच्या घरात त्या दिवशी जे खरोखर चालले होते, त्यात ते सामील झाले. आपण पाहुणे म्हणून एखाद्याच्या घरी लग्नाला जावे आणि तेथे मयत झाल्याचे कळावे, तर आपण ‘जेवण कोठे आहे’ असे विचारीत नाही. चप्पल काढून मागे उभे राहतो. घराच्या दुःखात उभे राहिलेला पाहुणा त्या दिवसापासून घरचा होतो. यात्रेचेही तसेच आहे.

दुसऱ्या प्रकारचे दार त्या घराच्याच वेदनेमुळे बंद होते. 2018 साली येरुशलेमचे दार बंद झाले ते तेथील ख्रिस्ती समाजाला आपल्या अस्तित्वाची काळजी वाटली म्हणून. पण याचे सर्वांत मोठे उदाहरण बेथलेहेमचे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाले आणि जगभरातून निघालेल्या यात्रा रद्द झाल्या. त्या वर्षी बेथलेहेमच्या धर्मप्रमुखांनी नाताळची रोषणाई आणि मिरवणुकांचा थाट केला नाही. मेंजर चौकातला मोठा नाताळवृक्ष उभा राहिला नाही. 2025 च्या डिसेंबरात तो पुन्हा उजळला, तोवर दोन नाताळ अंधारात गेले होते.

यात्रा रद्द झाली की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती भरलेल्या पैशांची. ती होणे स्वाभाविक आहे. गरीब घराचे पैसे बुडू नयेत. पण बेथलेहेम हे शहरच यात्रेकरूंवर जगते. ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस आणि गायीगोठ्यातील मूर्ती कोरणारी कुटुंबे, लहान हॉटेले चालविणारे, बसचे चालक, वाटाडे यांची रोजची भाकरी आपल्या येण्यावर अवलंबून असते, आणि त्यांच्यात आपले ख्रिस्ती बांधव पुष्कळ आहेत. यात्रा थांबली की आपला एक प्रवास हुकतो; त्यांची चूल थांबते. ज्या गोठ्याची प्रतिकृती दर डिसेंबरात आपण आपल्या ओसरीवर मांडतो, त्या गोठ्याच्या गावातील तरुण काम नाही म्हणून देश सोडून जात असतील, तर ‘आमचे बेथलेहेम हुकले’ या तक्रारीला किती वजन द्यावे, याचा विचार आपण करावयास हवा. दगडांची मंदिरे शतकानुशतके राहतील. त्यांच्यात मातृभाषेत ‘आमच्या बापा’ म्हणणारे कोणी उरेल काय, हा प्रश्न आपल्या दर्शनापेक्षा मोठा आहे. कैलासवासी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे पुस्तक लिहून त्या भूमीचा संघर्ष मराठी वाचकांपुढे मांडला. यात्रेला जाणाऱ्याने बॅग भरण्यापूर्वी अशी पुस्तके उघडावीत. ज्याला घराचे दुःख ठाऊक आहे, त्याला बंद दार अपमानासारखे वाटत नाही.

येथे पवित्र कबरीच्या मंदिराविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या मंदिरात ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा ख्रिस्ती परंपरांचे हक्क आहेत. कोणी कोठे दिवा लावावा, कोणी कोणती पायरी झाडावी, हे ऑटोमन काळापासून चालत आलेल्या वहिवाटीने ठरलेले आहे. दर्शनी भिंतीवरील एका खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकलेली आहे. ती हलविण्याचा हक्क कोणाचा याचा निर्णय नाही, म्हणून ती हलत नाही. आणि या मंदिराच्या मुख्य दाराची किल्ली ख्रिस्ती माणसाकडे नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या जुदेह या मुस्लिम घराण्याकडे आहे, आणि दार उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा आहे. म्हणजे ख्रिस्ती जगातील सर्वांत पवित्र दार रोज सकाळी परधर्मीय शेजाऱ्याच्या हाताने उघडते. ज्यांचे आयुष्य त्या दाराआड जाते ते संन्यासीदेखील ‘हे दार माझे आहे’ असे म्हणू शकत नाहीत. मग आठ दिवसांसाठी आलेल्या आपण ते कोणत्या तोंडाने म्हणावे?

तिसऱ्या प्रकारचे दार आपल्यासाठी उघडायचेच नसते. ते समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. तलासरीहून उत्तरेकडे गुजरातची हद्द ओलांडली, की संजाण लागते आणि वापीच्या पुढे उदवाडा. इराण सोडून आलेल्या पारशी बांधवांनी संजाणला पवित्र अग्नी प्रस्थापित केला. पुढे संजाणवर आक्रमण झाले, तेव्हा तो अग्नी घेऊन ते आपल्या या भागातील बारडा डोंगरावर, बहरोटच्या गुंफांत आले. ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो त्याप्रमाणे बारा वर्षे त्यांनी तो तेथे जपला. नंतर बांसदा, नवसारी, सुरत असा प्रवास करीत 1742 साली तो अग्नी उदवाड्यास स्थिरावला. बहरोटच्या डोंगरावर कोणीही चढू शकतो. उदवाड्याच्या अग्निमंदिरात मात्र पारशी नसलेल्यास प्रवेश नाही. रस्त्यावरून त्या बंद दाराकडे पाहताना कोणाला राग यावा, असे त्यात काय आहे? ज्यांनी आपला देव हातात घेऊन रानावनांतून वाट काढली, त्यांनी आपल्या घराची मर्यादा आपण ठरविली. डहाणूच्या चिकूवाड्यांत पारशी व इराणी कुटुंबांचा शेजार ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ही मर्यादा परकेपणाची वाटत नाही. शेजाऱ्याच्या देवघरात न जाताही त्याच्याशी सख्य राहते.

अर्थात या तिसऱ्या प्रकारात वेदनाही असते, हे नाकारता येणार नाही. इस्तंबूलची हागिया सोफिया 537 साली चर्च म्हणून उभी राहिली, 1453 मध्ये मशीद झाली, विसाव्या शतकात वस्तुसंग्रहालय झाली आणि 2020 च्या जुलैत पुन्हा मशीद झाली. आता परदेशी पाहुण्याला तिकीट काढून वरच्या सज्जातूनच ती पाहता येते. तिच्या भिंतींवरील ख्रिस्ताच्या चित्रापुढे उभे राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे मन हलणारच. ते हलू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच वेळी खाली चटईवर कपाळ टेकणारा माणूस देवापुढेच नमला आहे, हेही त्याला दिसावे. दोन्ही गोष्टी एका मनात मावू शकतात, मावल्या पाहिजेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात्रा फसते का? ख्रिस्तसभेच्या इतिहासात याचे जे उत्तर आहे, ते आपल्या तलासरीच्या दारात उभे आहे. संत इग्नेशियस लोयोला 1523 साली येरुशलेमला पोहोचले. तेथेच राहून सेवा करावी अशी त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु पवित्र स्थळांची राखण करणाऱ्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही. पुढे 15 ऑगस्ट 1534 रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर त्यांनी आणि सहा सोबत्यांनी येरुशलेमला जाण्याचे व्रत घेतले. जाता आले नाही तर पोप महोदयांच्या स्वाधीन व्हायचे, असेही ठरले. 1537 साली ते व्हेनिसला जहाजाची वाट पाहत थांबले. तुर्कांशी युद्ध पेटले होते. यात्रेकरूंना नेणारे जहाज सुटले नाही. वर्षभर वाट पाहून ते रोमला गेले आणि 27 सप्टेंबर 1540 रोजी येशूसंघाला पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्या सात जणांतील एक, फ्रान्सिस झेवियर, 6 मे 1542 रोजी गोव्याला उतरले. त्याच संघाच्या धर्मगुरूंनी पुढे तलासरीला ज्ञानमाता सदन चालविले, आदिवासी मुलांना अक्षरे शिकविली. व्हेनिसहून ते जहाज वेळेवर सुटले असते, तर आमच्या पाड्यांवरील कित्येक मुलांच्या हाती पाटी कोणी दिली असती, कोण जाणे! न घडलेल्या एका तीर्थयात्रेचे फळ आम्ही खात आहोत.

आणि झेवियर स्वतः? त्यांचे शेवटचे दिवस चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर गेले. चीनचे दार परकीयांना बंद होते. गुपचूप पलीकडे नेण्याचे कबूल केलेला व्यापारी आला नाही. समोर मुख्य भूमी असताना 3 डिसेंबर 1552 रोजी त्यांनी प्राण सोडला. ज्यांच्या पवित्र देहाच्या दर्शनासाठी जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी रांगा लागतात, 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळातही लागल्या, ते संत बंद दारापुढे मरण पावलेले यात्रेकरू होते. त्या रांगेत तासन्‌तास उभे राहून ओझरते दर्शन घेतलेला भाविक ‘नीट पाहायला मिळाले नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याने हे आठवावे.

याहूनही मागे जाता येईल. प्रभूच्या कबरीला भेट देणाऱ्या पहिल्या यात्रेकरू म्हणजे त्या रविवारी पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रिया. शिळा कोण बाजूला करील, ही त्यांची काळजी होती. शिळा सरलेली होती. पण ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या तो देह तेथे नव्हता. ठरल्याप्रमाणे झाले असते तर त्यांनी देहाला लेप लावला असता आणि त्या समाधानाने घरी परतल्या असत्या. ठरल्याप्रमाणे झाले नाही, यावर आपला सारा विश्वास उभा आहे.

आपल्या डहाणूच्या लोकपरंपरेतही यात्रेविषयी एक सुंदर समज आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कथा येथे सर्वांना ठाऊक आहे: देवी डोंगरावर होती, तिच्या दर्शनास निघालेली एक गरोदर भक्त स्त्री चढता चढता थकून पडली, तेव्हा देवी स्वतः पायथ्याशी आली. आमचा धर्म वेगळा असला तरी चैत्रातल्या त्या यात्रेचे दिवस आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या कथेला हे पुरते कळलेले आहे, की ज्याला पोहोचता आले नाही त्याच्यासाठी देव थांबत नाही, तो खाली उतरतो. शोमरोनी स्त्रीला विहिरीजवळ प्रभूने जे सांगितले त्याचा आशयही हाच, की पित्याची उपासना या डोंगराशी वा येरुशलेमशी बांधलेली राहणार नाही.

मग कोणी विचारील, जायचेच कशाला? घरीच जपमाळ धरून बसावे. याला आमचे उत्तर असे, की देवाला आपण तेथे जाण्याची गरज नाही, पण आपल्याला आहे. आपला विश्वास हवेत तरंगणारा नाही. तो एका गावात, एका राजवटीत, धुळीच्या रस्त्यावर घडलेला आहे. बेथलेहेमचे दार जेमतेम चार फूट उंचीचे आहे, हे वाचणे वेगळे आणि त्यातून वाकून आत जाणे वेगळे. फक्त ते दार उघडे असेल तेव्हा आपल्याला वाकता आले पाहिजे आणि बंद असेल तेव्हाही.

हा विचार उलट बाजूनेही करून पाहावा, कारण आपणही कोणाच्या तरी प्रवासाचे ठिकाण आहोत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची कीर्ती जगभर पोहोचली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या पश्चातही वारली चित्रे पाहण्यास दूरदूरचे लोक डहाणू-तलासरीत येतात. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला कुडाची भिंत कोरी दिसते, तेव्हा तो हिरमुसतो. लग्नाचा चौक पालघट देवीसाठी, लग्न असेल तेव्हा, सवाशिणी लिहितात. पाहुण्याच्या सुट्टीसाठी नव्हे. पाड्यावरील म्हाताऱ्या बाईला ‘आता लिहून दाखव’ म्हणून आग्रह करणारा पाहुणा आपल्याला कसा वाटतो? आणि जो कोऱ्या भिंतीपुढे बसून ताक पितो, मुलांची नावे विचारतो आणि ‘पुन्हा येईन’ म्हणून जातो, तो कसा वाटतो? परदेशी दारापुढे आपण यांपैकी कोण व्हायचे, हे आपल्याला येथूनच शिकता येते.

म्हणून आमचे नम्र सांगणे एवढेच. धर्मग्रामातून यात्रा निघेल तेव्हा पुढाऱ्यांनी आरंभीच स्पष्ट सांगावे, की आपण वाटेची सोय करीत आहोत, दर्शनाची हमी देत नाही. कर्ज काढून कोणी जाऊ नये. काढलेल्या कर्जातून यात्रेकरूची अपेक्षा ताठर होते आणि बंद दार असह्य होते. जेथे जायचे तेथे कोण राहतात, कशावर जगतात, कशाने रडतात, हे आधी समजून घ्यावे. आणि परतल्यावर, पाहिलेल्याबरोबर न पाहिलेल्याचीही गोष्ट मुलांना सांगावी.

गुड फ्रायडेच्या दिवशी जगभरातील चर्चमधून पवित्र भूमीसाठी दान गोळा होते. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरील बाई, जिने मुंबईदेखील एकदोनदाच पाहिली असेल, त्या दिवशी पदराच्या गाठीतून दहा रुपये काढून त्या पेटीत टाकते. तिच्याकडे पासपोर्ट नाही. तरी त्या दहा रुपयांतून येरुशलेमच्या मंदिरात दिवा तेवतो, बेथलेहेमच्या एखाद्या शाळेत मूल शिकते. येरुशलेमचे दार ती कधी पाहणार नाही, उघडेही नाही आणि बंदही नाही. पण त्या घराशी तिचे नाते जडलेले आहे, आणि ते कोणत्याही युद्धाने, रोगाने वा कुलपाने तुटावयाचे नाही.